बीजस्वामित्व : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील

बीजस्वामित्व : पिकाचे बियाणे साठविणे, पुन्हा पेरणे, त्याची देवघेव करणे, त्यात सुधारणा करणे आणि ते पुन्हा निर्माण करणे ह्यांचा अधिकार, तसेच त्यासाठी लागणारे साधन, ज्याच्या हाती असते तो त्या बियाण्याचा खरा स्वामी होय. मराठवाड्यातील नांदेड व लातूर ह्या शेजारच्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न दोन भिन्न रूपांत आढळतो. गोदावरीच्या खोऱ्यातील नांदेड हा परंपरेने कापसाचा जिल्हा. तेथील शेतकरी गेली सु. दोन दशके दर हंगामास कंपन्यांचे बियाणे नव्याने विकत घेत आला आहे. मांजरा खोऱ्यातील लातूर हा सोयाबीनचा जिल्हा. तेथे घरचे बियाणे पेरण्याची प्रथा टिकून आहे आणि कायद्याची वा निसर्गाची तिला आडकाठी नाही. हा भेद शेतकऱ्यांच्या स्वभावामुळे वा जमिनीच्या प्रतीमुळे पडलेला नसून बियाण्याची रचना, त्याचा व्यापार आणि शासनाचे धोरण ह्यांतून उत्पन्न झालेला आहे.

संगणकक्षेत्राशी साम्य : तंत्रज्ञानावरील मालकीची चर्चा विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या क्षेत्रात विशेष तीव्रतेने झाली. आरंभीच्या काळात संगणक चालविणाऱ्या आज्ञावल्या विद्यापीठांतील संशोधक एकमेकांस मोकळेपणाने देत. पुढे त्या विक्रीच्या वस्तू झाल्या आणि त्यांची मूळ संहिता गुप्त ठेवण्यात येऊ लागली. त्याविरुद्ध अमेरिकन संगणकतज्ञ रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली चालविणे, तिचा अभ्यास करणे, ती बदलणे आणि इतरांस देणे ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्यास असली पाहिजेत, असे ह्या चळवळीचे सूत्र होय. १९८९ मधील तिच्या परवान्यात एक महत्त्वाची अट होती : ज्याने आज्ञावली मुक्तपणे घेतली, त्याने तिची सुधारित आवृत्ती प्रसृत करताना तीही तशीच मुक्त ठेवावी. फिनलंडचे लायनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स प्रणाली ह्याच परवान्याखाली वाढली. १९९८ पासून अशा आज्ञावल्यांना ‘मुक्तस्रोत’ म्हणण्याचा प्रघात पडला.

बियाण्याच्या बाबतीत हीच चार स्वातंत्र्ये शेतकऱ्यास हजारो वर्षे सहजप्राप्त होती. बी हे एकाच वेळी उत्पादनाचे साधन व उत्पन्न असते. पीक काढले की पुढील वर्षाचे बी आपोआप हाती येते. त्यामुळे बियाण्याच्या विक्रेत्यापुढे एक मूलभूत अडचण होती : एकदा विकलेले बी ग्राहकालाच त्या बियाण्याचा उत्पादक बनवी. ही अडचण दोन मार्गांनी दूर झाली. पहिला मार्ग जीवशास्त्रीय असून तो संकरित बियाण्याचा होय. दुसरा मार्ग कायदा, करार व एकस्व (पेटंट) ह्यांचा होय. दोन भिन्न जनक वाणांच्या संकराने तयार झालेल्या पहिल्या पिढीचे पीक जोमदार येते. मात्र त्याचेच बी पुन्हा पेरल्यास गुणधर्म विभागले जाऊन पीक एकसारखे येत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पिशवीतील बी येते, पण ते ज्यांच्यापासून निर्माण होते ते जनक वाण उत्पादकाकडेच राहतात. मूळ संहिता गुप्त ठेवून केवळ चालणारी आज्ञावली विकावी, तसाच हा प्रकार होय. १९६० नंतर मराठवाड्याच्या शेतीत जे स्थित्यंतर घडले, ते समजण्यास हे साम्य उपयुक्त ठरते.

पूर्वपीठिका : १९४८ पर्यंत नांदेड व लातूर हे दोन्ही प्रदेश हैदराबाद संस्थानात होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन झाला. निजामी काळात नांदेडचा परिसर ‘गावरानी’ ह्या देशी कापसासाठी प्रसिद्ध होता. देशी कापसांत त्याचा धागा उत्तम समजला जाई. नांदेड येथील उस्मानशाही गिरणीला ह्या कापसाची जवळची बाजारपेठ लाभली. ह्या कापसाची सरकी शेतकरी राखून ठेवीत व पुढील वर्षी पेरीत. सरकी काढण्याचे यांत्रिक कारखाने निघाल्यावर निरनिराळ्या शेतांचा कापूस एकत्र पिंजला जाऊ लागला आणि बियाण्याची सरमिसळ होऊ लागली. त्यामुळे शुद्ध बियाणे राखण्याची जबाबदारी हळूहळू शासकीय संशोधन केंद्रांकडे गेली. बियाण्यावरील शेतकऱ्याचा अधिकार अबाधित असला, तरी ते शुद्ध स्वरूपात निर्माण करण्याचे साधन त्याच्या हातून निसटण्यास येथे आरंभ झाला.

संकरित वाणांचा काळ : १९६४ मध्ये ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण भारतात प्रसृत झाला. तो सार्वजनिक संशोधनाचे फळ होता व त्याचे जनक वाण शासकीय तसेच खासगी बीजोत्पादकांना उपलब्ध होते. त्याच वर्षी जालना येथे बद्रीनारायण बारवाले ह्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘पुसा सावनी’ हा भेंडीचा वाण घेऊन बारवाले ह्यांनी बियाण्याच्या व्यवसायात प्रवेश केला होता. ज्वारी व बाजरीच्या सार्वजनिक संकरित वाणांचे बीजोत्पादन करून कंपनीचा पाया भक्कम झाला. पुढे तिने स्वतःचे संशोधन सुरू केले व स्वतःचे वाण विकसित केले. बारवाले ह्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार व २००१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान लाभले. सार्वजनिक ज्ञानाच्या पायावर खासगी उद्योग उभा राहणे आणि नंतर त्याने आपले ज्ञान राखीव ठेवणे, हा क्रम संगणक-उद्योगातही दिसून येतो. मुक्तस्रोत परवान्यातील परतफेडीच्या अटीसारखी अट सार्वजनिक बियाण्यांवर कधी घालण्यात आली नाही.

कापसाचा जगातील पहिला व्यापारी संकरित वाण एच-४ हा १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल ह्यांनी निर्माण केला. १९७२ मध्ये परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक ह्यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८० नंतरच्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित वाण प्रसृत केला. बीएन-१ व एसी-७३८ हे त्याचे जनक वाण होत. ‘नांदेड-४४’ ह्या नावाने लोकप्रिय झालेला हा वाण कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी दाद न देणारा आणि पावसाच्या खंडानंतर पुन्हा फुलोरा धरणारा होता. १९७६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ (महाबीज) त्याचे बियाणे पुरवीत असे. हाही वाण संकरित असल्याने शेतकऱ्यास दरवर्षी बी घ्यावेच लागे. परंतु जनक वाण सार्वजनिक संस्थेच्या हाती होते. किंमत, पुरवठा व पुढील सुधारणा ह्यांबाबतचे निर्णय त्यामुळे सार्वजनिक विचाराच्या कक्षेत राहिले. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने खासगी क्षेत्राला अधिक वाव मिळाला आणि १९९१ नंतर त्याचा विस्तार झपाट्याने झाला.

बीटी कापूस : कापसावरील बोंडअळ्यांना मारक असे प्रथिन निर्माण करणारे एका जिवाणूचे जनुक कापसात घालून अमेरिकेच्या मॉन्सँटो कंपनीने बीटी कापूस तयार केला. १९९८ मध्ये ह्या कंपनीने महिकोत २६ टक्के भाग घेतला व दोहोंची संयुक्त कंपनी निघाली. २६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ ह्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. दोन जनुकांची ‘बोलगार्ड-२’ ही पुढील आवृत्ती २००६ मध्ये आली. संयुक्त कंपनीने अनेक भारतीय कंपन्यांना परवाने दिले. एका दशकाच्या आत मराठवाड्यातील बहुतेक सर्व कपाशी बीटी संकरित वाणांची झाली. आरंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठी कराव्या लागणाऱ्या फवारण्या कमी झाल्या व शेतकऱ्यांनी हे बियाणे स्वखुशीने स्वीकारले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

ह्या प्रकरणातील लक्षणीय बाब अशी, की पहिल्या ‘बोलगार्ड’ जनुकावर भारतात एकस्व नव्हतेच. तरीही २००५ च्या सुमारास ४५० ग्रॅ. बियाण्याच्या सु. १,६०० रु. किंमतीच्या पाकिटात १,२५० रु. गुणधर्म-शुल्काचे असत. एकस्व नसताना हे शुल्क वसूल होऊ शकले ह्याची कारणे तीन : जैव सुरक्षेची मान्यता एकाच संयुक्त कंपनीकडे होती, परवानाधारक कंपन्या कराराने बांधलेल्या होत्या, आणि जनुक केवळ संकरित वाणांत दिलेले असल्याने शेतकऱ्यास बी राखता येत नव्हते. अमेरिका, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया ह्या देशांत कापूस मुख्यत्वे सरळ वाणांचा असतो. भारतात मात्र बीटी तंत्रज्ञान जवळजवळ सर्वस्वी संकरित रूपातच आले. कायद्याने जे साधले नाही, ते बियाण्याच्या रचनेने साधले, असे ह्याचे तात्पर्य सांगता येईल.

नांदेड-४४ ह्या वाणाचे पुढे काय झाले, हे ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यात बीटी जनुक नसल्याने बाजारात त्याची पीछेहाट झाली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ ह्यांनी सार्वजनिक बीटी वाण निर्माण करण्याचे काम हाती घेतले. ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सरळ वाण आणि नांदेड-४४ चे बीटी रूप ही त्याची फलिते २००९ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. सरळ वाणाचे बी राखून पेरता येणार होते. परंतु त्यात मॉन्सँटोच्या जनुकाचा अंश आढळल्याने त्याच वर्षाच्या अखेरीस बीजोत्पादन थांबविण्यात आले. सुधीर सोपोरी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मधील अहवालात हा दोष मान्य केला. सार्वजनिक संशोधनातील ही चूक शेतकऱ्यांना महाग पडली. खासगी बियाण्याला पर्याय उभा राहण्यास आणखी अनेक वर्षे जावी लागली.

कायदा व न्यायालयीन वाद : किंमतीच्या प्रश्नावर प्रथम आंध्र प्रदेश शासनाने एकाधिकार व निर्बंधक व्यापारप्रथा आयोगाकडे धाव घेतली. २००६ मध्ये त्या राज्यात पाकिटाची किंमत ७५० रु. वर आली व महाराष्ट्रासह इतर राज्यांतही दर उतरले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याचा पुरवठा व विक्री किंमत ह्यांचे नियमन करणारा स्वतंत्र अधिनियम केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने देशभर किंमतनियंत्रण लागू केले. त्यानुसार २०१६ च्या हंगामात बोलगार्ड-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रु. व तीतील गुणधर्म-शुल्क ४९ रु. ठरविण्यात आले. २०२० मध्ये हे शुल्क शून्यावर आणले गेले.

बोलगार्ड-२ संबंधीच्या एकस्वावरून मॉन्सँटो व हैदराबादची नुजिवीडू सीड्स ह्यांच्यात वाद झाला. वनस्पती, बी व त्यांचे भाग ह्यांना एकस्व देता येत नाही, ह्या भारतीय एकस्व अधिनियमातील तरतुदीचा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये एकस्व अवैध ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण पुराव्यानिशी निर्णयासाठी परत पाठविले. त्याच वर्षी एकस्वाची मुदत संपली. दरम्यान २०१८ मध्ये मॉन्सँटो जर्मनीच्या बायर कंपनीत विलीन झाली होती. २०२१ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाल्याने मूळ प्रश्नाचा अंतिम निकाल लागलाच नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहता वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ हा महत्त्वाचा होय. त्यातील कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचेही बी राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देणे, घेणे व विकणे ह्यांचा हक्क शेतकऱ्यास आहे. केवळ ते नाममुद्रेखाली विकता येत नाही. हा हक्क उदार आहे. मात्र जे बी पुन्हा पेरल्यावर आपले गुण राखीतच नाही, त्याच्या बाबतीत तो कागदावरच राहतो.

लातूर व सोयाबीन : हाच हक्क सोयाबीनच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरतो. १९९० नंतर लातूर जिल्ह्यात ज्वारी, मूग व उडीद ह्यांची जागा सोयाबीनने मोठ्या प्रमाणावर घेतली. सोयाबीनच्या फुलात स्वपरागण होते. त्यामुळे सरळ वाणाचे बी पुढील पिढीतही गुण टिकवून धरते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-३३५ (१९९४) हा वाण दीर्घकाळ ह्या भागात प्रमुख होता. परभणीच्या एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८ व एमएयूएस-६१२ ह्या वाणांचाही प्रसार झाला. हे सर्व सार्वजनिक संस्थांचे वाण होत. सोयाबीनचे एकरी सु. ३० किग्रॅ. बी लागते, बियाणे अवजड व पुनरुत्पादनास सोपे असल्याने मालकी हक्कावर आधारलेला व्यापार त्यात फारसा रुजला नाही. जनुकांतरित सोयाबीनच्या लागवडीस भारतात परवानगी नाही.

अमेरिकेतील परिस्थितीशी तुलना केल्यास ह्या मोकळिकीचे मोल ध्यानी येते. तेथे सोयाबीनवर मॉन्सँटोचे एकस्व होते. इंडियाना राज्यातील बोमन ह्या शेतकऱ्याने धान्यकोठारातून विकत घेतलेले सोयाबीन पेरले व त्याचे बी राखले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एकमताने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. लातूरच्या शेतकऱ्याने बाजार समितीतून आणलेले सोयाबीन पेरले, तर उगवण कमी होण्याचा धोका तो पत्करतो. परंतु तो गुन्हेगार ठरत नाही.

तथापि मोकळिकीबरोबर जबाबदारीही येते. सोयाबीनच्या बियाचे टरफल नाजूक असते. मळणीयंत्राचा वेग मिनिटास ४०० फेऱ्यांच्या आत ठेवणे, बियातील ओलावा १२ टक्क्यांहून अधिक न ठेवणे, पोत्यांची उंच थप्पी न मारणे आणि पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवून उगवण तपासणे, ही काळजी घ्यावी लागते. १०० पैकी ७० दाणे उगवल्यास बी पेरणीयोग्य समजतात. २०१९ च्या काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला व बी खराब झाले. त्याचा परिणाम म्हणून २०२० च्या खरिपात विकतचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात मोठ्या संख्येने आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर कृषी विभागाने घरचे बियाणे राखण्याची मोहीम राबविली व उन्हाळी हंगामात बीजोत्पादनास उत्तेजन दिले. ज्या गावांत बी राखण्याचे ज्ञान जिवंत होते, तेथे ह्या मोहिमेस आयता आधार मिळाला.

मतमतांतरे : बीजस्वामित्वाबाबत महाराष्ट्रात दोन प्रबळ विचारप्रवाह आहेत. बियाणे ही समाजाची सामाईक ठेव असून कंपन्यांच्या मक्तेदारीपासून तिचे रक्षण करावे, असे एक मत. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे ह्यांनी देशी बियाण्यांची पेढी उभारली व त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. त्यांचे कार्य ह्या मताला बळ देते. दुसरे मत शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेचे. कोणते तंत्रज्ञान वापरावे हे शेतकऱ्यानेच ठरवावे, शासनाने त्यास अडवू नये, असा ‘तंत्रज्ञान स्वातंत्र्या’चा आग्रह तिने धरला. जून २०१९ मध्ये संघटनेने अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी केली. दोन्ही मतांत शेतकऱ्याचे स्वातंत्र्य हेच ध्येय आहे. एकास कंपनीच्या मालकीची भीती वाटते, तर दुसऱ्यास शासनाच्या बंदीची. बंदी असलेल्या बियाण्याचा चोरटा व्यापार मात्र दोहोंच्या ध्येयास विघातक ठरतो. त्यात पाकिटावर उत्पादकाचे नाव नसते, शुद्धतेची हमी नसते व नुकसान झाल्यास दाद मागण्याची सोयही नसते.

सद्यःस्थिती : गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यासह राज्यातील कपाशीचे प्रचंड नुकसान झाले. दीर्घ मुदतीचे संकरित वाण व फरदड घेण्याची सवय ह्यांमुळे अळीला सलग खाद्य मिळते. म्हणून लवकर येणारे सरळ वाण दाट लागवडीने घ्यावेत, असे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती ह्यांच्यासारख्या तज्ञांनी प्रतिपादन केले आहे. पहिल्या बीटी जनुकावर एकस्व नसल्याने तो वापरून सार्वजनिक वाण तयार करणे शक्य होते. नांदेड-४४ चे बीटी रूप विद्यापीठ व महाबीज ह्यांच्या सहकार्याने पुन्हा शेतकऱ्यांपुढे आले. त्यापाठोपाठ नांदेड केंद्राच्या एनएच १९०१ बीटी, एनएच १९०२ बीटी व एनएच १९०४ बीटी ह्या सरळ वाणांना २०२३-२४ च्या सुमारास केंद्रीय स्तरावर मान्यता मिळाली. ह्यांचे बी शेतकऱ्यास पुढील हंगामासाठी राखता येते. ह्या जनुकामुळे गुलाबी बोंडअळीचा प्रश्न सुटत नाही; परंतु बी पुन्हा निर्माण करण्याचे साधन शेतकऱ्याकडे परत येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे.

ह्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासावरून असे दिसते, की तंत्रज्ञानाची मोकळीक केवळ कायद्यातील हक्कावर वा किंमतीवर अवलंबून नसते. नांदेडच्या शेतकऱ्यास बी राखण्याचा हक्क २००१ पासून होता व २०२० मध्ये गुणधर्म-शुल्कही संपले. तरी जनक वाण त्याच्या वा सार्वजनिक संस्थेच्या हाती नव्हते, तोवर त्याचे परावलंबन संपले नाही. लातूरच्या शेतकऱ्याजवळ हक्क व साधन दोन्ही होती, आणि ती टिकविण्यासाठी दरवर्षी मळणीपासून पेरणीपर्यंतची दक्षता त्याला घ्यावी लागली. सार्वजनिक संशोधन केंद्रांनी शुद्ध पैदासकार बियाणे अखंड पुरविणे आणि गावांनी ते राखण्याचे कसब सांभाळणे, ह्या दोन्ही गोष्टी घडल्या तरच नांदेडच्या नव्या सरळ वाणांचा लाभ प्रत्यक्ष शेतापर्यंत पोहोचेल.